उडी आणि मिशी

मे महिना, दुपारचे बारा ते पाच. जळगावात काय आणि धुळ्यात काय, या पाच तासांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेलेला, रस्त्यावर माणूस नाही, कूलरचं पाणी मघाशीच भरून झालंय. झोप येणार असेल तर खुशाल झोपा. येणार नसेल तर भिंतीला पाठ टेकवून बसा आणि एक प्रश्न सोबत घ्या. तो आज सुटला नाही तरी कुणाचं काही अडणार नाही.

व्हिडिओ गेमच्या काही मालिका चाळीस-चाळीस वर्षं चालल्या आहेत. भागामागून भाग येतात, खेळणारी पोरं आईबाप होतात, यंत्रं बदलतात, तरी मालिका चालूच. ती कशाच्या बळावर चालते? हातातल्या खेळाच्या, की डोळ्यांपुढच्या रूपाच्या? खेळ म्हणजे उडी, धाव, नेम, वेळ साधणं, चुकणं, पुन्हा करून पाहणं. रूप म्हणजे त्या जगातली माणसं, प्राणी, ढग, गाणी आणि तिथं जाऊन राहावं असं वाटायला लावणारं जे काही असेल ते.

उत्तर लगेच देऊ नका. आधी डोळे मिटा आणि मारिओचा पहिला टप्पा आठवा. एकोणीसशे नव्वदच्या दशकात तुम्ही खान्देशात लहान असाल, तर तो घरच्या नाहीतर शेजारच्या टीव्हीवर भेटला असेल. सामुराई, लिटल मास्टर किंवा कुठल्याच नावाचा नसलेला डबा, दोन रिमोट, वर खोचायची कॅसेट, ती लागली नाही की काढून मारलेली फुंकर. डबा विकत घेणं परवडत नसेल तर तासाच्या भाड्यानं खेळायला मिळायचा. बाहेर उन्हात जायला बंदी, म्हणून आत टीव्हीपुढे बसायची मुभा. आपल्याकडे या खेळांचा हंगाम ठरवला तो मुख्यतः उन्हाने.

आठवलं? डावीकडे मारिओ उभा आहे. उजवीकडून तपकिरी रंगाचं काहीतरी चालत येतंय. वर प्रश्नचिन्हाची वीट. आता स्वतःकडे नीट बघा. आधी काय जागं झालं, चित्र की अंगठा?

माझा अनुभव असा की चित्र येतं, पण त्याच क्षणी उजवा अंगठा किंचित दाबला जातो. बटण किती वेळ दाबलं तर उडी किती उंच जाईल, धावताना थांबलं तर पाय किती घसरेल, हे अंगठ्याला अजून ठाऊक आहे. मधल्या सगळ्या वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी ते त्यानं जपून ठेवलं.

इथं थोडं थांबू. कारण बरेच जण इथूनच निकाल देऊन टाकतात: खेळ मोठा, रूप म्हणजे वरचा रंग. पण मारिओचा चेहरा कसा घडला ते पाहिलं की हा निकाल डळमळतो.

१९८१ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोंना पॉपाय या कार्टूनवर खेळ करायचा होता. पॉपायचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून नवी पात्रं काढावी लागली आणि डाँकी काँग तयार झाला. त्यातल्या सुताराला, म्हणजे पुढच्या मारिओला, नाव होतं ‘जम्पमॅन’, म्हणजे त्याची ओळख उडी एवढीच. पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजके ठिपके आलेले. तेवढ्यात तोंड काढता येईना, म्हणून नाक मोठं केलं आणि त्याखाली मिशी लावली. केस काढणं, उडीबरोबर ते हलताना दाखवणं अवघड, म्हणून टोपी. पळताना हात दिसावेत म्हणून अंगात डांगरी. ज्या मिशीवर पुढे जगभरची मुलं भाळली, ती अशी नाइलाजानं उगवलेली आहे. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं आणि एकदा हिरवं रंगवलेलं. कारण कॅसेटमध्ये जागा नव्हती. तिथं खेळाची अडचण आधी आली आणि मोहिनी तिच्या पोटी जन्मली. दोघांची फारकत करायला आपण बसलो आहोत खरे, पण जन्माच्या वेळी ती झालेली नव्हती, हे मनाच्या एका कोपऱ्यात असू द्या.

आता फारकत करून पाहू. मनातल्या पडद्यावरून मारिओला पुसून टाका. त्याच्या जागी एक पांढरा चौकोन ठेवा. विटांच्या जागी रेषा, कासवाच्या जागी दुसरा चौकोन. संगीत बंद. उडी मात्र तीच, घसरणं तेच. खेळाल का?

थोडा वेळ नक्की खेळाल. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवलेल्या टेट्रिसमध्ये दुसरं काय आहे? गोष्ट नाही, माणूस नाही, पडणारे तुकडे आहेत, आणि लोकांनी त्यापायी रात्री घालवल्या. म्हणजे नुसत्या खेळावर माणूस बसतो, हे मान्य करू. त्या चौकोनाचा दुसरा भाग आला तर तुम्ही त्याची वाट पाहिली असती का, हा प्रश्न वेगळा. त्याकडे नंतर येऊ.

हाच प्रयोग उलट्या बाजूने खान्देशातल्या पोरांवर झालेला आहे, त्यांना न विचारता. बाजारात नकली कॅसेटी यायच्या. एका कॅसेटमध्ये हजारो, लाखो खेळ असल्याचा दावा वर छापलेला, आणि आत पाच-पंचवीस खेळच नावं बदलून पुन्हा पुन्हा दिलेले. यादीतलं नवं नाव दाबलं की दोन क्षणांत कळायचं, हा तर मघाचाच. त्याहून मजेशीर कॅसेटी होत्या त्या मारिओच्या पुढच्या ‘भागांच्या’. नकला करणाऱ्यांनी दुसऱ्याच कुठल्यातरी खेळातल्या नायकाच्या धडावर मारिओचं डोकं बसवलेलं असायचं आणि वर मनाला येईल तो आकडा टाकलेला. टोपी तीच, मिशी तीच. पोरं पाच मिनिटं खेळायची आणि ठरवायची, हा काही खरा मारिओ नाही. का? उडी वेगळी होती. चेहरा अस्सल असूनही अंगठ्यानं ओळख दिली नाही.

गंमत अशी की हेच काम निन्टेन्डोनं स्वतःही केलं. १९८७ मध्ये जपानात डोकी डोकी पॅनिक नावाचा खेळ आला. त्यातली माणसं काढून तिथं मारिओ आणि मंडळी बसवली, काही डागडुजी केली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तो सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून विकला. तो मात्र लोकांनी आपला मानला. त्यातली मुखवट्यातली पात्रं पुढच्या मारिओंमध्ये कायमची राहायला आली. धड परकं आणि डोकं मारिओचं, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. एका घरात ती खोटी ठरली, दुसऱ्या घरात खरी. निन्टेन्डोच्या खेळामागे मुळात मारिओ घडवणारीच माणसं होती आणि उडीचं वजन त्यांना कळत होतं, हे एक कारण. अधिकृत शिक्का हे दुसरं. दोन्हींतलं कुठलं जास्त, ते तुम्ही मनाशी तोलत राहा. मला पहिलं वाटतं.

आता कॉन्ट्राकडे या.

कोनामीचा हा खेळ १९८७चा. दोन भाऊ, दोन मित्र, किंवा एक भाऊ आणि त्याला चिकटून बसलेला शेजारचा, असे दोघं मिळून खेळायचा. खाली पडून गोळ्या चुकवायच्या, उडी मारताना अंगाचं चक्र करायचं, आणि एसवाली गन मिळाली की ती जपायची. खेळ म्हणून बघाल तर त्यात बोट ठेवायला जागा नाही. आणि गोष्ट? ती होती, कागदावर. सैनिकांना नावं होती, बिल आणि लान्स. शत्रू परग्रहावरचे होते. आपल्याकडे तो कागद आलाच नाही. कॅसेटबरोबर पुस्तिका नसायची, आणि असती तरी इंग्रजी. त्यामुळे ते दोघे निळ्या पँटवाला आणि लाल पँटवाला झाले. जंगल कुठलं? सातपुड्याचं म्हणा, कुणी हरकत घेणार नव्हतं. शेवटी जो धडधडणारा गोळा फोडायचा असतो तो काय आहे, यावर प्रत्येक गल्लीत वेगळं मत होतं. गोष्ट मिळाली नाही म्हणून पोरांचं काही बिघडलं नाही. त्यांनी ती घरी तयार केली.

युरोपातही याच खेळाला वेगळा वेष मिळाला. तिथं हिंसेबद्दलचे नियम कडक, विशेषतः जर्मनीत. म्हणून माणसांच्या जागी यंत्रमानव आणून खेळ प्रोबोटेक्टर नावानं विकला. उडी तीच, गोळ्या त्याच. तिकडच्या कित्येकांच्या लहानपणात ते यंत्रमानवच आहेत आणि त्यांच्यावर त्यांची तेवढीच माया आहे.

तर आपल्याकडे अर्धा खेळ आला आणि उरलेला अर्धा आपण घातला. आता दुसरा अर्धा आला ते पाहा. २००३च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन दिसू लागला. मूळ खेळ १९९६चा, जपानातला, हातात मावणाऱ्या गेमबॉयवरचा. सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, त्यातून सुचलेला; दोन यंत्रं तारेनं जोडून आपापले प्राणी अदलाबदल करायचा. जळगाव-धुळ्यात गेमबॉय पाहिलेलं पोर शोधावं लागलं असतं. पण पिकाचू सगळ्यांना माहीत, चिप्सच्या पुडीतून निघणारे टॅझो सगळ्यांच्या खिशात. म्हणजे पोकेमॉनची मोहिनी पुरेपूर पोचली आणि त्यामागचा खेळ पोचलाच नाही. मग पोरांनी काय केलं? खेळ तयार केला. टॅझोवर टॅझो आपटून उलटा करायचा, उलटला की तो आपला. चांगला खेळ आहे. पण तो बिल्ल्यांचा, गोट्यांचा जुनाच खेळ आहे. त्यात पोकेमॉनचं असं काही नाही. पुडीतले टॅझो थांबले आणि तोही थांबला.

श्वास संथ होऊ द्या आणि हे दोन अर्धे शेजारी शेजारी ठेवून बघा. कॉन्ट्राला गोष्ट नव्हती, ती मुलांना करता आली. पोकेमॉनला खेळ नव्हता, तो मुलांना करता आला नाही. त्यांनी जवळ होता तो वापरला. खेळणाऱ्याला कल्पना पुरवता येते. उडीचं वजन, बंदुकीचा वेग, संकटं एकापुढे एक लावण्याचा तोल पुरवता येत नाही, तो करणाऱ्यानेच करून द्यावा लागतो. म्हणून मला विचाराल तर मी खेळाला वरचं पान देतो.

पण हे बोलून झालं की लगेच मोक्षपट, म्हणजे सापशिडीचं जुनं रूप, आठवतो आणि माझी खात्री जराशी सैल होते.

सापशिडी हा शतकानुशतकं चाललेला खेळ, आणि महाराष्ट्रात तिचं मूळ परंपरेनं ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलं जातं. खान्देशाशी त्या भावंडांचं नातं आहेच. ज्ञानदेवांची बहीण मुक्ताई इथंच, तापीकाठी विसावली अशी श्रद्धा आहे. मुक्ताईनगरची यात्रा त्यासाठीच भरते. तिथून जवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ. वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेतलेले चांगदेव आणि त्यांच्यासमोर चालत गेलेली भिंत, ही कथा आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. अशा मुलखात बसून मोक्षपट डोळ्यांपुढे आणा. कापडाचा किंवा कागदाचा पट. घराघरात सद्गुणांची, दुर्गुणांची नावं. दया, सत्संग अशा घरातून शिडी वर जाते. क्रोध, मत्सर अशा घरात सापाचं तोंड उघडं. कित्येक जुन्या पटांवर शिड्या थोड्या आणि साप पुष्कळ. सर्वांत वर मोक्ष. कवड्या टाकायच्या आणि पडेल तिथं जायचं.

या खेळात खेळणाऱ्याला निवड करायला काहीच नसतं. कौशल्य शून्य. आजच्या कुठल्याही गेम बनवणाऱ्याला दाखवा, तो म्हणेल, यात खेळ कुठाय? पण मोक्षपटावर ती उणीव बोचत नव्हती, उलट तिच्यातच अर्थ होता. कवड्यांचं दान म्हणजे मागल्या जन्माची पुंजी. ती आपल्या हातात नाही, आणि तरी चालत राहायचं. आपण क्रोधाच्या घरात पडलो की खाली येणं न्याय्य वाटायचं. रूपानं खेळाला अर्थ दिला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथं आधी त्यांच्या धर्माच्या आणि वळणाच्या सद्गुणांची चित्रं चढली, सापांची आणि शिड्यांची संख्या सारखी झाली, मग हळूहळू नावंच गळाली. १९४३ मध्ये अमेरिकेत तर साप काढून घसरगुंड्या लावल्या. आपल्याकडे जत्रेत, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती सापशिडी म्हणजे एक ते शंभर आकडे आणि रंगीत साप. फासा पडला, सरकलो, साप चावला, रडलो. सात-आठ वर्षांच्या वरचं कुणी ती आपणहून मांडत नाही. खेळ टिकला, शतकं ओलांडून टिकला. पण मोठ्या माणसांचं तिथं काही उरलं नाही.

म्हणजे खेळ कच्चा असेल तर रूप त्याला पेलून धरतं. आणि कधी कधी रूप खेळात नसतंच, बाहेर असतं. आखाजीचे पत्ते घ्या. अक्षय्य तृतीयेला खान्देशात लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. सालदाराचं जुनं साल संपून नवं बोलणं याच दिवसात व्हायचं, तेवढी सवड मिळायची. आणि गावात पारावर, खळ्यात, ओट्यावर पत्त्यांचे डाव पडायचे. अजूनही पडतात. एरवी पोराच्या हातात पत्ते दिसले तर आरडाओरड करणारा बाप त्या दिवशी स्वतः पिसत बसतो. (पैसे लावण्याचं समर्थन मी करत नाहीये; त्यात घरं बसली आहेत.) मला दिसतं ते एवढंच की रमी तीच, पानं तीच बावन्न, पण आखाजीचा डाव वेगळा लागतो. त्याची मोहिनी पानांवर छापलेली नाही, ती दिनदर्शिकेत आहे. वर्षातून एकदाच उघडणाऱ्या त्या फटीत आहे.

मालिकेचा नवा भाग येण्यातही थोडं हेच नाही का? पाच-सहा वर्षांनी झेल्डाचा नवा खेळ येतो तेव्हा लोक फक्त कोडी सोडवायला जात नाहीत. जाऊन आलेल्या गावाला पुन्हा चाललेले असतात. १९८६ पासूनच्या या मालिकेनं २०१७ मध्ये खेळण्याच्या आपल्या कित्येक जुन्या सवयी मोडून टाकल्या. ठरलेला क्रम गेला, मोठी देवळं-भुयारं गेली, दिसेल त्या कड्यावर चढता येऊ लागलं. तरी बहुतेकांना घर चुकल्यासारखं वाटलं नाही. मारिओनं १९९६ मध्ये सपाट पडदा सोडून खोलीत उडी घेतली तेव्हाही तेच. एवढा मोठा बदल पचला, कारण चेहरा हात धरून पुढे चालत होता. कॉन्ट्राला तो आधार नव्हता. १९९६ आणि १९९८ मध्ये कोनामीनंही असे खोलीतले भाग काढून पाहिले; ते लोकांच्या मनात बसले नाहीत, आणि आपल्याकडे कुणाच्या कानावरही आले नाहीत. निळ्या-लाल पँटवाल्यांची जी गोष्ट धुळ्याच्या गल्लीत तयार झाली होती ती कोनामीला कुठून कळणार? घरी केलेली मोहिनी पुढच्या भागात नेता येत नाही. ती त्या गल्लीतच राहते.

मघाशी बाजूला ठेवलेला चौकोन इथं परत घ्या. त्याच्या पुढच्या भागाची वाट पाहिली असती का? मला वाटतं, नाही. हातात आहे तोवर खेळलो असतो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी हा खेळ काढला तेव्हा त्यात खेळ आणि रूप दोन्ही जमलंय का, हे मी कुतूहलानं पाहत होतो. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू आपसात बोलताहेत, भिंतीवरची चित्रं हलताहेत, राजस्थानी वाड्यांच्या सावल्या. रूपाचं जगभर कौतुक झालं. मारामारीबद्दल मात्र तक्रारी आल्या: फटक्यात वजन नाही, हालचालीत अडखळ आहे. आपल्या देवादिकांच्या खजिन्यावर आपण फार विसंबतो, असं मला त्या वेळी वाटलं आणि अजून वाटतं. खजिना आयता मिळतो. उडी मिळत नाही. ती महिनोन्‌महिने घासावी लागते, आणि ते काम कुणाला दिसतही नाही.

आजच्या पोरांचं काय? पब्जीवर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावानं परतला, रक्ताचा रंग हिरवा करून. २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. शिरपूरच्या, चाळीसगावच्या मुलांनी नाव बदललं म्हणून तक्रार केली नाही. पण नकाशावरचं पोचिंकी बदललं असतं तर केली असती. ‘पोचिंकीला उतरू’ हे ती अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याला साक्रीकडच्या एखाद्या फाट्याचं नाव वाटावं. ते गाव कंपनीनं दिलं की त्यांनी वसवलं, याचा विचार करायला दुपार अजून बरीच शिल्लक आहे.

करून पाहायचं असेल तर घरात जो खेळ असेल तो घ्या, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून दुरुस्त करून आणलेल्या जुन्या मोबाइलवरचा का असेना. पाच मिनिटं आवाज बंद करून खेळा, गोष्ट दाखवणारे प्रसंग पुढे ढकलत. हाताला काय हवंसं वाटतंय त्याकडे लक्ष ठेवा. मग आवाज लावा, यंत्र दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, शक्यतो लहान मुलाच्या, आणि नुसतं बघत बसा; तो चुकला तरी सूचना देऊ नका. कुठल्या पाच मिनिटांत उठावंसं वाटलं, ते लक्षात ठेवा, आणि त्याच मुलाला विचारा, याचा पुढचा भाग आला तर त्यात काय तसंच राहायला हवं.